आबांच्या गाडीचा वन-वे

आबांच्या मोटरसायकलचं काहीतरी बिनसलंय, हे मला ती कुठं उभी असते यावरून कळलं.

बुऱ्हानपुरातल्या राजपुऱ्यात आमचं घर सपाट गल्लीत आहे. आबा, म्हणजे माझे सासरे, गाडी नेहमी ओट्याला चिकटवून लावायचे, इतकी की दूधवाल्याला आडवं होऊन आत यावं लागायचं. गेल्या उन्हाळ्यात ती अचानक गल्लीच्या टोकाला दिसायला लागली, जिथून रस्ता बाजाराकडे उतरतो तिथं. मी विचारलं, तर म्हणाले, "तिथं सावली हाये." तिथं सावली देईल असं एक झुडूपही नाही. भर एप्रिलात त्या सीटवर पापड भाजून निघाला असता. मी शाळेत विज्ञान शिकवते, खोटं बोलणारी मुलं रोज बघते. खोटं बोलताना पोरगं माझ्या डोक्यावरच्या फळ्याकडे बघतं. आबा त्या वेळी माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते.

या गाडीमागे एक अट होती. आबांची आधीची गाडी किकची. एकदा किक उलटी बसली आणि आबांचा गुडघा असा दुखावला, की महिनोन्महिने पट्टा बांधून पलंगावर पडावं लागलं. माझे थोरले दीर इंदूरला विमा कंपनीत आहेत. दिवसभर अपघातांचे दावे तपासतात, त्यामुळे त्यांच्या मते रस्ता ही मुळात माणसानं जाऊच नये अशी जागा आहे. तरी त्यांनी आबांना किकच नसलेली, नुसत्या बटणावर सुरू होणारी नवी गाडी घेऊन दिली आणि सगळ्यांसमोर बजावलं, "हिला धक्का मारायची पाळी आली, की त्याच दिवशी विकायची. मग चावी मागायची नाही." आबांनी मान डोलावली. नवीकोरी गाडी समोर उभी असताना माणूस कशालाही मान डोलावतो.

चांदनी गावाच्या रस्त्याला आमचं केळीचं वावर आहे. आबा सकाळचा चहा झाला की डबा घेऊन तिकडे जात आणि दिवेलागणीच्या आत परत येत. बसनं जायचं तर फाट्यापासून पुढं बरंच चालावं लागतं, आणि गुडघा त्याला तयार नव्हता. म्हणजे गाडी गेली की वावर गेलं. आबांचं सगळं त्या अंगठ्याखालच्या एका बटणावर येऊन ठेपलं होतं, आणि ते बटण दाबलं की हल्ली गाडी नुसती "घूंऽऽ" करायची. आतली मोटर फिरायची, इंजिन हलायचंही नाही.

हे आबांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी त्याऐवजी सगळं आयुष्य उतारावर नेलं. गाडी उतारावर लावायची, बसायचं, सोडून द्यायची, वेग आला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. इंजिन खोकत सुरू व्हायचं. त्यासाठी त्यांनी गावातल्या सगळ्या उतारांचा अभ्यास केला. सख्खी बहीण सपाटीवर राहते, तिच्याकडे जाणं बंद झालं. ती मला फोन करून रडली, की भाऊ रागावलाय. उलट एक चुलतभाऊ, ज्याच्याशी बांधावरून अबोला होता, त्याचं घर छान चढावर आहे. आबा त्याच्याकडे रोज चहाला जायला लागले. तो बिचारा इतका घाबरला, की वकिलाला जाऊन विचारून आला, जुनं प्रकरण पुन्हा उकरता येतं का म्हणून. राजघाटाचा उतार आबांना फार आवडला होता, पण तो संपतो तापीच्या पाण्यात. गाडी सुरू झाली तर ठीक, नाही झाली तर गाडीसकट स्नान. त्यांनी तो विचार सोडून दिला, असं नंतर स्वतःच मला सांगितलं.

एका सकाळी उताराच्या तळाशी टरबुजांची हातगाडी आडवी उभी राहिली आणि सगळं उघडं पडलं. मी भाजीला निघाले होते. बघते तर आबा गाडीवर ताठ बसलेले, वरातीतल्या नवरदेवासारखे, आणि मागून गल्लीतले तिघे जण धक्का मारताहेत. त्यातला एक टरबूजवालाच होता. मला बघून आबांनी ब्रेक दाबला. मागचे तिघे एकमेकांवर आदळले.

"सेल्फ गेलाय ना?" मी म्हणाले.

"गेला नाही. जरा रुसलाय."

"कधीपासून?"

"होळीपासून." मग हळूच म्हणाले, "थोरल्याले सांगू नको, पोरी. तो येऊन राहिला पुढच्या रविवारी. त्याले कळलं की चावी गेली."

मी सांगणार नव्हते, पण धक्काही मारू देणार नव्हते. उतारावर ती जड गाडी सांभाळताना दुखरा पाय टेकला असता, तर पुन्हा पलंग, पुन्हा पट्टा. मी चावी काढून पदराला बांधली आणि सांगितलं, दुरुस्त होईपर्यंत वावर बंद. हा निर्णय मी घेतला आणि त्याची शिक्षाही मलाच झाली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. नवरा पॉवरलूमच्या कारखान्यात हिशेब बघतो, तो सकाळी जातो आणि सुटतो. घरात मी आणि आबा. सासूबाई असत्या तर त्यांनी आबांना काहीतरी कामाला लावलं असतं, पण त्या जाऊन काही वर्षं झाली. आबांनी पहिल्या दिवशी पेपर वाचला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझं स्वयंपाकघर वाचायला घेतलं. कोथिंबिरीच्या काड्या मी टाकते हे त्यांच्या लक्षात आलं. फ्रीजचं दार मी उघडं ठेवून विचार करते, हेही. मी खोलीतून बाहेर पडले की ते मागून पंखा बंद करायचे, आणि मी फक्त पाणी प्यायला उठलेली असायची. वरणाला फोडणी देताना ते ओट्याशी उभे राहून म्हणाले, "जिरं आधी का मोहरी आधी?" मी म्हणाले, मोहरी. ते म्हणाले, "हं." त्या एका "हं"मध्ये माझ्या माहेरच्या तीन पिढ्यांचा स्वयंपाक निघाला. तेव्हा मी ठरवलं, की ही गाडी सुरू झालीच पाहिजे. लोक म्हणतील सुनेला सासऱ्यांची किती काळजी. काळजी होतीच. पण मला माझं स्वयंपाकघरही परत हवं होतं.

सेल्फ का लागत नाही, याबद्दल गल्लीत प्रत्येकाचं मत तयार होतं. नवरा म्हणाला, बॅटरी. शेजारी म्हणाले, बॅटरी. टरबूजवाला म्हणाला, बॅटरीच. इतकं एकमत आमच्या गल्लीत नळाच्या वेळेबद्दलही होत नाही. मेकॅनिकला बोलावलं. हा आमच्या भागातला नावाजलेला माणूस. नावाजलेला अशासाठी, की तो गाडीला हात लावण्याआधी निदान सांगतो. गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्यानं आवाज ऐकला आणि ओरडला, "भाभी, बॅटरी डाऊन हाये! मैं दूर सेच सांगतो."

नवी बॅटरी आली. आबांनी देवासमोर नेऊन तिला कुंकू लावलं. बटण दाबलं. पूर्वी "घूंऽऽ" व्हायचं, ते आता "घूंऽऽऽऽऽ!" असं खणखणीत झालं. इंजिन ढिम्म.

"मोटर," मेकॅनिक म्हणाला. "कार्बन घिस गये होंगे. इसको पहले जिसने हाथ लगाया ना, उसने बरबाद किया."

"पहिल्यापासून तूच हात लावून राहिला," आबा म्हणाले.

"वोईच तो," तो म्हणाला आणि पाना शोधायला लागला. या माणसाला लाजवणं अवघड होतं.

मोटर उघडली, कार्बन बदलले, मोटर पुन्हा बसवली. आणि काय आश्चर्य, बटण दाबल्याबरोबर गाडी सुरू झाली. मेकॅनिकनं माझ्याकडे अशा थाटात बघितलं, की जणू गाडीचा शोध त्यानंच लावला होता. आबांनी लगेच डबा मागितला. मी म्हणाले, आज मी मागे बसून येते, खात्री करून घेऊ. खरं तर मला माझी खात्री करायची होती, की हा माणूस उद्या घरात नसेल.

त्या दिवशी मला आबांची गाडी चालवण्याची पद्धत पहिल्यांदा दिसली.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. आबांनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हात जोडले. "राम राम. कसं हाये?" बरं आहे, ते म्हणाले. आबांनी बटण दाबलं, गाडी सुरू. चार दुकानं पुढं कापडवाला. इंजिन बंद, राम राम, पोरीचं लग्न ठरलं का, नाही ठरलं, बटण. मग पानवाला. मग एक बाई, जिचा नवरा दवाखान्यात होता. मग एक माणूस ज्याला आबा ओळखतच नव्हते, पण त्यानं आधी राम राम केला म्हणून. प्रत्येक वेळी चावी फिरवून इंजिन बंद, आणि बोलणं झालं की बटण. बाजार ओलांडायलाच आम्हाला एवढा वेळ लागला, की डब्यातली भाजी आंबेल अशी मला भीती वाटली.

"आबा, गाडी बंद कशाला करता? दोन शब्द तर बोलायचे असतात."

आबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. "चालू गाडीवर बसून माणसाची विचारपूस करायची? मी काय कलेक्टर हाये?"

आमच्या बाजूला ही रीतच आहे. चालू गाडीवरून राम राम टाकून जाणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. जुनी माणसं सायकलवरूनही उतरायची. आबांनी सायकल सोडली, पण उतरणं सोडलं नाही. फक्त आता पायाऐवजी इंजिन खाली उतरत होतं. शिवाय रेल्वे फाटकापाशी बंद, पुलाच्या उतारावर पेट्रोल वाचवायला बंद, आणि दर वेळी पुन्हा बटण. चांदनीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी मोजायचं सोडून दिलं होतं. आणि फाट्यावर, एका पुतण्याच्या मेहुण्याची चौकशी आटोपून आबांनी बटण दाबलं, तर: "घूंऽऽ."

भर ऊन होतं आणि रस्ता अगदी सपाट. आबा माझ्याकडे बघेनात. केळीच्या ट्रकवाल्यानं गाडी वर चढवली आणि आम्ही दोघं घडांच्या शेजारी बसून बुऱ्हानपुरात परत आलो. साडीवर केळीच्या चिकाचे डाग पडले, ते अजून आहेत.

घरी आल्यावर मी डोकं चालवलं. मोटर फिरते, हे ऐकू येतं. इंजिन फिरत नाही, हे दिसतं. म्हणजे मोटरची ताकद इंजिनापर्यंत पोचवणारं मधलं कुणीतरी निसटतंय. आमच्या अंगणात नवऱ्याची जुनी सायकल आहे. मी ती उलटी केली आणि आबांना दाखवलं. पेडल पुढं मारलं की चाक धरतं आणि फिरतं. पेडल थांबवलं तरी चाक एकटं फिरत राहतं, टिकटिक करत. गाडीतही असंच काहीतरी असणार, जे मोटर फिरली की इंजिनाला धरतं आणि इंजिन सुरू झालं की सोडून देतं. ते झिजलं, तर मोटर नुसती फिरत राहील.

"मग सरळ सांग ना," आबा म्हणाले, "कुत्ते मेले." सायकलच्या फ्रीव्हीलमधल्या खटक्यांना आमच्याकडे कुत्ते म्हणतात. मी वर्गात जे समजावून सांगायला पूर्ण तास घेतला असता, ते त्यांनी दोन शब्दांत उरकलं. मला थोडा रागच आला.

मेकॅनिकला हे सांगितलं तर म्हणाला, "मैं वोईच बोलने वाला था. वन-वे गया." पण या वेळी त्यानं खरंच उघडलं. इंजिनाचं तेल काढलं, डाव्या बाजूचं झाकण सोडवलं. आत मॅग्नेट असतं, त्यामुळे झाकण सहज सुटत नाही, आणि सुटलं की पुन्हा चिकटायला धावतं. ते चिकटताना त्याचं बोट मधे चेमटलं आणि त्यानं कुणाच्या तरी आईचं नाव घेतलं, मग मला बघून पुढचे शब्द गिळले. मॅग्नेट ओढून काढायचं खास अवजार तो शेजारच्या गॅरेजमधून मागून घेऊन आला. मॅग्नेटच्या पाठीमागे ते वन-वे होतं: छोट्या घरात बसवलेले तीन लोखंडी रोलर, प्रत्येकाच्या मागे बारीक स्प्रिंग. रोलर गोल असायला हवेत. आबांचे रोलर एका बाजूनं चपटे झाले होते, आणि एका स्प्रिंगनं तर जीवच सोडला होता. बसले जागेवर तर धरायचे, नाहीतर घसरायचे. म्हणून त्या सकाळी गाडी सुरू झाली होती. कार्बनचा त्यात काही हात नव्हता.

मेकॅनिकनं चपटा रोलर तळहातावर फिरवला. "चाचा, ये तो बरसों चलता है. इतनी जल्दी कैसे गया? दिनभर में सेल्फ कितनी बार मारते हो?"

"जेवढी माणसं भेटतील तेवढ्यांदा," आबा म्हणाले.

त्याला ते समजेना. मी त्याला बाजारातली फेरी सांगितली. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मतलब राम राम ने खा लिया." त्यानं तो रोलर पुसून खिशात ठेवला. अशी केस त्याच्याकडे कधी आली नव्हती, आणि तो हे सगळ्या गावाला सांगणार हे उघड होतं.

आता अडचण अशी, की हा भाग बुऱ्हानपुरात मिळेना. इंदूरला मिळेल, तो म्हणाला. आणि इंदूरहून रविवारी कोण येणार होतं? थोरले दीर.

मी जाऊबाईंना फोन केला. जाऊबाई इंदूरच्या, चटपटीत. त्यांना सगळं सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "भाग मी आणते, पण यांना काय सांगू?" आम्ही दोघींनी विचार केला आणि ठरवलं, मिक्सरचा भाग. आमचा मिक्सर बंद पडलाय, तो जुना आहे, त्याचा भाग इकडे मिळत नाही. जाऊबाईंनी खोका फेकून दिला आणि ती जड वस्तू इंदूरच्या वर्तमानपत्रात गुंडाळली. दीर सांभाळून वागणारे. त्यांनी मिक्सरचा भाग सबंध रस्ता मांडीवर धरून आणला आणि दारात मला देताना म्हणाले, "केवढा जड आहे! कुठली कंपनी?" मी घड्याळाकडे बघून म्हणाले, जुनी.

ते एक दिवस आधी, शनिवारी संध्याकाळीच आले आणि रात्री मुक्कामी थांबले. रविवारी सकाळी नवऱ्यानं त्यांना राजघाटावर स्नानाला न्यायचं, तिथून मावा जिलेबी खाऊ घालायची, मग आत्याबाईंकडे, म्हणजे आबांच्या त्या बहिणीकडे घेऊन जायचं, आणि दुपारच्या जेवणाला परत आणायचं, असं ठरलं. तेवढ्या वेळात मेकॅनिक अंगणात बसून काम उरकणार. गाडी गोणपाटाखाली झाकलेली होती. आबांनी दीरांना सांगितलं होतं, की उन्हानं रंग उडतो म्हणून. त्या माणसानं आयुष्यात कधी कुठल्या वस्तूच्या रंगाची पर्वा केली नव्हती.

मेकॅनिक उशिरा आला. मग त्यानं जुनी पॅकिंग खरवडायला ब्लेड मागितलं. जुनी पॅकिंग झाकणाला अशी चिकटली होती, की ती काढता काढता त्याला घाम फुटला. आबा वेताच्या मोड्यावर बसून दर मिनिटाला विचारत होते, "झालं का?" मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून गल्लीवर लक्ष ठेवलं होतं आणि पोळ्या करपत होत्या. जाऊबाई म्हणाल्या, "मी दाराशी उभी राहते, आले तर खोकते." मेकॅनिकनं जुनं वन-वे काढून बाजूला ठेवलं, नवीन वर्तमानपत्रातून सोडवलं, आणि तेवढ्यात जाऊबाई खोकल्या.

आत्याबाई घरी नव्हत्या. भाऊ रागावलाय म्हणून त्या देवाला साकडं घालायला गेल्या होत्या. त्यामुळे दीर वेळेआधी परत आले.

दीर अंगणाच्या दारात थांबले. उघडं इंजिन, तेलाचं घमेलं, पाट्यावर मॅग्नेट, आणि इंदूरच्या पेपरवर त्यांनी मांडीवरून आणलेली वस्तू. नवरा मागून दोन्ही हात पसरून उभा होता, मी काय करू अशा अर्थानं.

"हा मिक्सर?" दीर म्हणाले.

"हो," आबा म्हणाले. अजूनही.

मला हसू फुटलं आणि लगेच विरलं, कारण आबांचा चेहरा पडला होता. शाळेत पकडलेल्या पोराचा होतो तसा. दीर चिडतील, असं मला वाटलं होतं. ते मेकॅनिकजवळ उकिडवे बसले, जुन्या वन-वेतला एक रोलर हातात घेतला आणि दाव्याची चौकशी करावी तसे प्रश्न विचारू लागले. हे काय, ते कशानं झिजलं, केव्हापासून, धक्का किती वेळा मारला. मेकॅनिकनं त्यांना राम राम सांगितलं, तेही मोठ्या चवीनं, दोन माणसं स्वतःकडची घालून. दीरांनी आजवर इतके दावे तपासले होते, पण नमस्कारामुळे झालेलं नुकसान त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आलं असावं.

"बसवा," ते म्हणाले. "अर्धं उघडं ठेवून काय करणार."

नवीन वन-वे बसलं, बोल्ट आवळले, मॅग्नेट चढलं, नवी पॅकिंग लागली. झाकण लावताना दीरांनी ते स्वतः दोन्ही हातांनी धरलं, कारण मेकॅनिकचं बोट अजून सुजलेलं होतं. तेल भरलं. चावी मीच पदरातून सोडून दिली. दीरांनी बटण दाबलं. इंजिन एका दमात सुरू झालं. त्यांनी बंद केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू. पाच-सहा वेळा केलं. आबा प्रत्येक वेळी मान डोलवत होते. जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग नवऱ्याचं तोंड बघून थांबल्या.

"गाडी झाली," दीर म्हणाले. चावी त्यांनी काढून मुठीत धरली. "मान्य. पण आबा, तुम्ही उतारावर गाडी ढकलत सुरू केली. होळीपासून! पाय गेला असता म्हणजे? मला तिकडे प्रत्येक फोन वाजला की छातीत धस्स होतं. आणि वावर तर बटाईनं दिलंय. सगळं काम बटाईदार करतो. तुम्हाला तिथं रोज जायचं काम काय आहे?"

मोटरसायकलचा प्रश्न सुटला होता आणि मागचा प्रश्न आता समोर आला होता. तो घरात आजवर कुणी विचारलाच नव्हता.

आबा मोड्यावरून उठले नाहीत. हातातल्या फडक्यानं त्यांनी गाडीची टाकी पुसली, जिथं काही लागलेलंही नव्हतं.

"काम काही नाही," ते म्हणाले. "घरी सारे मले विचारतात, गोळी घेतली का. वावरात लोक मले विचारतात, पाणी कधी सोडायचं."

त्या दिवशी सकाळी मी त्यांना गोळीचं दोनदा विचारलं होतं. जाऊबाईंनी एकदा विचारलं होतं. दीरांनी आल्या आल्या पहिलं तेच विचारलं होतं. मला रडू यायला लागलं, तसा मी पदर डोळ्यांना लावला. मेकॅनिकनंसुद्धा आपले पाने आवाज न करता पिशवीत भरले.

दीर चावी बोटांत फिरवत उभे होते. मग त्यांनी ती आबांच्या तळहातावर ठेवली.

"आज कधी सोडायचं पाणी?" त्यांनी विचारलं.

आबांनी मान वर करून भिंतीवरचं ऊन बघितलं. मग घसा साफ केला. "आता नाही," ते म्हणाले. "लू चालू हाये. ऊन उतरल्यावर सोडायचं, आन् वरच्या अंगाच्या झाडांले आधी."